बोर्ड आधी, बाकी मग

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा आदेश असा होता, की प्रत्येकाने आपापल्या कामातलं, बाकीच्यांना घरी गेल्यावर उपयोगी पडेल असं काहीतरी सांगावं. सकाळी आपल्या डॉक्टर मित्राने रक्तदाब सांगितला, बँकेतल्या मैत्रिणीने निवृत्तीनंतरच्या पैशांचं गणित सांगितलं. दोन्ही विषय आपल्या वयाला शोभणारे. आता रोडगे आणि वांग्याची भाजी पोटात गेल्यावर माझ्या वाट्याला मदरबोर्ड आला आहे. मागच्या ओळीतल्या मंडळींनी डुलकी घ्यायला हरकत नाही. नववीतही ते तेच करत होते आणि सरांनी त्यांना वर ढकललंच.

मी अकोल्यात १९९८ पासून संगणक जोडून देण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान चालवतो, हे बहुतेकांना माहीत आहे. अमरावतीची मंडळी मला फोन करून विचारतात, ‘भाऊ, पोरासाठी कम्प्युटर घ्यायचा हाये, प्रोसेसर कोनता टाकू?’ इतक्या वर्षांत ‘मदरबोर्ड कोणता टाकू?’ असं पहिल्यांदा विचारणारा माणूस मला क्वचितच भेटला. आज या विषयावर बोलायचं कारण मात्र फोन नाही. आपल्या बॅचने शाळेला दहा संगणक द्यायचं ठरवलं आहे. त्यासाठी मागवलेली तीन कोटेशनं आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आली. तुम्ही ती पाहिली असतील. प्रोसेसर कोणता, रॅम किती, एसएसडी किती, मॉनिटर किती इंची, अगदी कीबोर्ड कोणत्या कंपनीचा, सगळं लिहिलं आहे. मदरबोर्डसमोर तिन्ही कोटेशनांत एकच शब्द आहे: ‘कम्पॅटिबल’. म्हणजे बसेल तो. लग्नपत्रिकेत सगळ्या मामा-काकांची नावं छापायची आणि नवरदेवासमोर ‘योग्य तो’ लिहायचं, तसा हा प्रकार आहे.

आधीच सांगून ठेवतो, या कामाचं कोटेशन मी दिलेलं नाही आणि देणारही नाही. त्यामुळे जे बोलतो ते मोकळेपणाने बोलतो.

ज्यांनी संगणक कधी उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी, विशेषतः आपल्या बाईंसाठी, एवढंच सांगतो. कॅबिनेटचं पत्र्याचं झाकण काढलं की आत एक मोठी पाटी उभी दिसते. प्रोसेसर तिच्यावर बसतो, रॅमच्या पट्ट्या तिच्यात खोचतात, एसएसडी तिला जोडतात, वीज तिच्यातूनच सगळ्यांना मिळते. ती पाटी म्हणजे मदरबोर्ड. रॅम बदलायला पाच मिनिटं लागतात. एसएसडी बदलायची तर आतला मजकूर नव्या एसएसडीवर घेण्यात तासभर जातो. बोर्ड बदलायचा तर मात्र सगळं यंत्र सोडवावं लागतं. आणि गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. चार-पाच वर्षांनी त्या जातीचा बोर्ड बाजारात मिळत नाही. नव्या बोर्डवर जुना प्रोसेसर बसत नाही, जुनी रॅमही बसत नाही. म्हणजे बोर्ड गेला की चांगला प्रोसेसर आणि चांगली रॅम जिवंत असूनही भंगारात जातात.

आपल्या शाळेत हेच झालं आहे. मागच्या महिन्यात मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी जुनी लॅब उघडून पाहिली. २०१४ साली घेतलेली आठ यंत्रं आहेत. दोन बंद. दोन्हींचे प्रोसेसर मी माझ्या दुकानातल्या बोर्डवर लावून पाहिले, ठणठणीत आहेत. गेले ते बोर्ड. त्या सॉकेटचे नवे बोर्ड आता नावाजलेल्या कंपन्या बनवत नाहीत, मिळतात ते दुरुस्त केलेले जुने. उरलेल्या सहांमध्ये रॅम दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्यांची आहे आणि बोर्डवर जागाच दोन आहेत. रॅम वाढवायची तर आधीच्या दोन्ही पट्ट्या काढून टाकाव्या लागतील. शिवाय त्यांच्यावर विंडोज १० आहे. त्याचं मायक्रोसॉफ्टकडून मिळणारं नेहमीचं पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, आणि विंडोज ११ ला लागणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत ही पिढी नाही. ती सहा यंत्रं लिनक्सवर अजून काही वर्षं चालतील, ते काम मी करून देतो. पण नव्या दहांची गत २०३५ मध्ये अशी होऊ नये, एवढ्यासाठी हा प्रपंच.

आपल्याला बोर्ड निवडता येतो ही गोष्टही आपोआप झालेली नाही. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला. त्याच्या बोर्डवर जादा कार्डं लावायला पाच खाचा होत्या, आणि कंपनीने त्याचे तांत्रिक नकाशे पुस्तकरूपाने विकायला ठेवले. त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांना त्यात बसणारी कार्डं आणि पुढे तशीच यंत्रं बनवता आली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं माप ठरवून दिलं: बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं अमुक जागी, मागची तोंडं अमुक जागी. त्याचाच धाकटा भाऊ मायक्रो एटीएक्स, २४४ बाय २४४. आजही एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो तो या मापामुळे. आमच्यासारख्यांचा धंदा त्यावर उभा राहिला. सुरुवातीच्या वर्षांत मी संध्याकाळी अंबा एक्सप्रेस पकडायचो, सकाळी मुंबईत उतरून लॅमिंग्टन रोडवर फिरायचो आणि रात्रीच्या गाडीने बोर्ड मांडीवर घेऊन परत यायचो. डब्यातले लोक विचारायचे, ‘मिठाई हाये का?’

आता निवडायचं कसं ते सांगतो. पाच गोष्टी आहेत. तुमच्या घरच्या खरेदीलाही त्याच लागू पडतील.

पहिली गोष्ट सॉकेट. प्रोसेसर ज्या चौकोनात बसतो तो सॉकेट. प्रत्येक सॉकेटला ठरावीक पिढ्यांचेच प्रोसेसर चालतात. इंटेलचा एलजीए १७०० हा सॉकेट २०२१ मध्ये आला, त्यावर बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन पिढ्या बसल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने एलजीए १८५१ हा नवा सॉकेट आणला. म्हणजे १७०० चा रस्ता तिथे संपला. एएमडीचा एएम ४ मात्र २०१६ पासून चालला. मूर्तिजापूरच्या एका फोटोग्राफरला मी २०१८ मध्ये एएम ४ च्या बोर्डवर सर्वांत स्वस्त रायझन ३ लावून दिला होता. तेव्हा त्याच्याकडे तेवढेच पैसे होते. लग्नाच्या व्हिडिओंचं काम वाढलं तशी त्याने आधी रॅम वाढवली, आणि २०२२ मध्ये त्याच बोर्डवर ५००० मालिकेतला प्रोसेसर बसवला. बायोस अद्ययावत करावं लागलं, बाकी कशालाही हात लावावा लागला नाही. त्याच्याच वर्षी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने हट्टाने महागडा प्रोसेसर आणि सर्वांत स्वस्त बोर्ड घेतला होता. त्याचं यंत्र पहिली दोन वर्षं फोटोग्राफरच्या यंत्रापेक्षा जोरात पळालं. नंतर त्याला पुढे जायला जागाच नव्हती. एएमडीचा आजचा सॉकेट एएम ५ आहे, २०२२ चा. तो २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवू असं कंपनीने जाहीर केलेलं आहे. घेताना दुकानदाराला हाच प्रश्न विचारा: या सॉकेटवर यापुढे काय बसेल?

दुसरी गोष्ट जागा. रॅमच्या जागा किती, एसएसडीच्या किती. बोर्डच्या नावात चिपसेट लिहिलेला असतो. इंटेलच्या एच ६१० वर रॅमच्या जास्तीत जास्त दोन पट्ट्या बसतात. बी ७६० च्या बऱ्याच बोर्डांवर चार जागा मिळतात. दोन जागांचा बोर्ड वाईट नाही, पण मग त्यात आज एकच पट्टी लावा आणि दुसरी जागा मोकळी ठेवा. एक पट्टी असली की वेग थोडा कमी मिळतो, हे खरं. पण उद्या वाढवायची सोय राहते. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या दोन्ही पट्ट्यांना पिना २८८ च असतात, लांबीही तीच, फक्त मधली खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी जात नाही. जोर लावणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची पट्टी गेली, बोर्डही गेला.

तिसरी गोष्ट दिसत नाही, म्हणून तीच सर्वांत जास्त मार खाते. प्रोसेसरला वीज देणारा भाग. एसएमपीएसमधून बोर्डला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला लागतात साधारण १.२. ही उतरवण्याची कामगिरी सॉकेटच्या कडेला बसवलेल्या काळ्या-करड्या ठोकळ्यांकडे असते. गणिताच्या सरांसाठी हिशेब मांडतो: ६५ वॉटच्या प्रोसेसरला १.२ व्होल्टवर ६५ भागिले १.२, म्हणजे ५४ अँपिअर प्रवाह लागतो. आपल्या घरातला एसीचा जाडजूड प्लग १६ अँपिअरचा असतो. तळहाताएवढ्या जागेतून त्याच्या तिपटीहून अधिक प्रवाह चालला आहे. आणि ६५ हा आकडा खोक्यावरचा. जोराचं काम आलं की आय ५ १२४०० सारखा साधा प्रोसेसरही ११७ वॉटपर्यंत जातो. स्वस्त बोर्डवर हे ठोकळे कमी असतात आणि उघडे असतात. बऱ्या बोर्डवर ते जास्त असतात आणि त्यांच्या डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी बसवलेली असते. ठोकळे तापले की बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करतो. गिऱ्हाईक म्हणतो, ‘एवढा महागाचा आय ७ घेतला, काहून चालत नाई?’ चालतो, पण त्याला जेवण पोचत नाही.

इथे आपल्या वऱ्हाडाचा संबंध येतो. खोक्यावरची माहिती लिहिणाऱ्याने अकोल्याचा मे महिना पाहिलेला नसतो. बाहेर ४५ अंश, पत्र्याच्या खोलीत चाळीस, कॅबिनेटच्या आत त्याहूनही जास्त. बोर्डवरचे कपॅसिटर उष्णतेने मरतात. साध्या द्रवाच्या कपॅसिटरवर लिहिलेलं असतं, १०५ अंशांना २००० तास. नियम असा, की तापमान दर दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. ९५ ला ४०००, ८५ ला ८०००, ७५ ला १६,०००, ६५ ला ३२,००० तास. रोज आठ तास धरले तर ७५ अंशांवर साडेपाच वर्षं, ६५ वर अकरा वर्षं. दहा अंशांत साडेपाच वर्षांचा फरक आहे. घट्ट प्रकारचे, म्हणजे सॉलिड कपॅसिटर याहून बरे, त्यांचं आयुष्य दर वीस अंशांनी दहापट वाढतं. वरून सपाट, खाच नसलेले छोटे डबे दिसले तर ते बहुतेक सॉलिड. डोक्यावर फुलीसारखी खाच असलेले असतील तर द्रवाचे. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटर बोर्डांवर लागले होते. त्या काळात डोकं फुगलेले कपॅसिटर काढून नवे टाकणं हेच माझं रोजचं काम होतं.

उष्णतेच्या जोडीला आपल्याकडे आणखी तीन गोष्टी आहेत. एक कापूस. जिनिंगच्या आसपासच्या ऑफिसातलं यंत्र उघडलं, की प्रोसेसरच्या पंख्याखाली सरकीच्या तंतूंची गादी निघते. हवाच जात नाही. दालमिलमधल्या यंत्रात तोच प्रकार, फक्त गादी पिवळी. दुसरा कूलर. आपण खिडकीत कूलर लावतो आणि टेबल नेमकं त्याच्यासमोर ठेवतो. ओली हवा सरळ कॅबिनेटमध्ये जाते, रॅमच्या सोनेरी पट्टीवर आणि खाचेतल्या पिनांवर थर चढतो, आणि एक दिवस डिस्प्ले येत नाही. अशा वेळी रॅम काढून तिच्या सोनेरी कडेवरून शाळेतलं साधं खोडरबर फिरवा, पुसा आणि परत लावा. यंत्राचा प्लग आधी काढा, हे सांगायला नको. निम्मी यंत्रं तेवढ्याने सुरू होतात.

तिसरी गोष्ट अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात असं कोणी सांगितलं, तर ती कॅबिनेटची चूक नव्हे. एसएमपीएसमध्ये गाळणीचे कपॅसिटर असतात, त्यांच्यामुळे थोडीशी वीज कॅबिनेटच्या पत्र्यावर येते आणि अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायला पाहिजे. तार जोडलेलीच नसेल तर तो पत्रा जवळपास निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा अर्थिंग उत्तम असतं. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि खड्ड्यातल्या पट्टीपासून सुटते. म्हणून जुने वायरमन एप्रिल-मे मध्ये त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला सांगायचे. ते शहाणपण सोडू नका. वीज जाऊन परत येताना जो झटका येतो, तो आधी एसएमपीएस सोसतो. एसएमपीएस हलका असेल तर तो झटका बोर्डपर्यंत पोचतो. आठ हजारांच्या बोर्डला सहाशे रुपयांचा एसएमपीएस जोडू नका.

चौथी गोष्ट डिस्प्लेची. बोर्डच्या मागे एचडीएमआयचं तोंड आहे म्हणजे चित्र येईलच असं नाही. चित्र काढणारा भाग प्रोसेसरमध्ये असतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ आहे त्यात तो नसतो. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये नसतो, ५६०० जी मध्ये असतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल तर हे अक्षर पाहूनच पैसे द्या. एफवाला प्रोसेसर थोडा स्वस्त असतो, म्हणून कोटेशनमध्ये तो हळूच शिरतो.

पाचवी गोष्ट बायोस आणि वॉरंटी. दुकानात वर्षभर पडून असलेल्या बोर्डमध्ये जुनं बायोस असतं. नंतर आलेला प्रोसेसर त्याला ओळखता येत नाही. बोर्डची कंपनी आपल्या साइटवर प्रत्येक बोर्डखाली यादी देते, कोणता प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो. ती यादी पाहणं फुकट आहे. काही बोर्डांवर प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून बायोस भरायचं बटण असतं, ते असलं तर उत्तम. वॉरंटी साधारण तीन वर्षांची मिळते, पण सॉकेटमधली एक जरी पिन वाकली तरी कंपन्या बहुधा ती नाकारतात. आताच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डवर असतात, केसासारख्या बारीक. म्हणून बोर्ड हातात घेताना सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण दुकानदाराकडून तुमच्यासमोर काढून घ्या, मोबाइलचा उजेड टाकून पिना पाहा, आणि ते झाकण घरी जपून ठेवा. बोर्ड वॉरंटीला पाठवायचा झाला तर ते लागतं. आणखी एक फुकटचा सल्ला: रोज सकाळी यंत्र चुकीची तारीख दाखवत असेल तर कोणी ‘बोर्ड गेला’ म्हणालं तरी घाबरू नका. बोर्डवर सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा बटणसेल असतो, आधी तो बदला.

आता कोणी म्हणेल, हा दुकानदार माणूस, महागडा बोर्ड खपवायला निघाला. तसं नाही, राजेहो. टॅली आणि पत्रं टाइप करण्यासाठी एच ६१० सारखा साधा बोर्ड पुष्कळ झाला. रंगीत दिव्यांचे तीस-तीस हजारांचे बोर्ड येतात, ते घेऊन घरात रोषणाईशिवाय काही वाढत नाही. पोरगा हट्ट धरून बसला तर त्याला सांगा, दिवाळीत आकाशकंदील आणू. बोर्ड महाग घ्या असं मी म्हणत नाही. उद्या आपल्याला काय वाढवायचं आहे ते आधी ठरवा, त्याला पुरेल असा बोर्ड घ्या, आणि उरलेल्या पैशांत प्रोसेसर बसवा. एवढ्या तेवढ्या वेगाचा प्रोसेसर नंतर बदलता येतो. सॉकेटची आयुष्यं संपत आली की त्याचे वरचे प्रोसेसर जुन्या बाजारात निम्म्याहून कमी किमतीत मिळतात.

माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांत कापूस विकून आलेला बाप असतो. पन्नास हजारांची गड्डी टेबलवर ठेवतो आणि म्हणतो, ‘पोरीले इंजिनेरिंगले चार वर्सं पुरलं पाह्यजे, मंग पुढचं तिचं ती पाहीन.’ त्या माणसाला यंत्र पहिल्या दिवशी किती पळतं याच्याशी देणंघेणं नसतं. चौथ्या वर्षी ते चालू असलं पाहिजे. शाळेचीही गरज तीच आहे. आपण पैसे एकदाच गोळा करणार आहोत. आपल्या वयाकडे पाहता दुसऱ्यांदा एवढे लोक एकत्र येऊन एवढे पैसे देतील, यावर फार भिस्त ठेवू नये.

म्हणून समितीपुढे माझी सूचना ठेवतो. तिन्ही कोटेशनं परत पाठवावीत आणि नव्याने मागवताना काही ओळी घालाव्यात. मदरबोर्डची कंपनी आणि पूर्ण मॉडेल लिहिल्याशिवाय कोटेशन ग्राह्य धरू नये. प्रोसेसर एक पायरी खालचा आणि बोर्ड एक पायरी वरचा घ्यावा. आय ५ च्या जागी आय ३ चालेल. आठवी-नववीच्या मुलांना स्क्रॅच, पायथन आणि मराठी टायपिंग शिकायला तो भरपूर आहे. त्यात वाचलेले पैसे बोर्ड आणि एसएमपीएसमध्ये जावेत. आठ जीबीची एकच पट्टी, बाकी जागा मोकळ्या. दहाही यंत्रांचे बोर्ड एकाच मॉडेलचे असावेत, म्हणजे एकाचा भाग दुसऱ्याला लागतो आणि एका यंत्रावर बसवलेली व्यवस्था बाकी नऊंवर जशीच्या तशी उतरवता येते. आणि दहा नाही, अकरा बोर्ड घ्यावेत. अकरावा खोक्यासकट मुख्याध्यापकांच्या कपाटात राहू द्यावा. पाच वर्षांनी त्या मॉडेलचा बोर्ड गावभर शोधून मिळणार नाही, तेव्हा तो एक यंत्र वाचवील.

यंत्रं येण्याआधी लॅबच्या अर्थिंगचा नवा खड्डा करावा. न्यूट्रल आणि अर्थमधला दाब वायरमनकडून मोजून घ्यावा, तो दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. खिडकीतला कूलर टेबलांपासून दूरच्या भिंतीला न्यावा. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, वर्षातून दोनदा, दहाही यंत्रं उघडून ब्लोअरने साफ करायचं काम माझ्याकडे लागलं. अकोल्याहून अमरावतीला येण्याचं मला तेवढंच निमित्त. मात्र त्या दिवशी नववी-दहावीची आठ-दहा मुलं माझ्याबरोबर बसवावीत. त्यांना मी एक यंत्र पूर्ण सोडवून दाखवीन आणि त्यांच्याकडून परत जोडून घेईन.

कोटेशनांची मुदत पुढच्या शनिवारपर्यंत वाढवावी, असं मी अध्यक्षांना सुचवलं आहे. कुणाला मॉडेल तपासायचं असेल तर गटावर नाव टाका, मी पाहून सांगतो.  मागच्या ओळीला आता चहासाठी उठवायला हरकत नाही.